आत्याचा रिकामा कॅन

"आत्या, चढ ना गं! तिकडे कबर खणून झाली असेल," होडीतून ओचोला ओरडला.

अडोंगो किनाऱ्यावरच उभी राहिली. होडीत माणसं, माणसांच्या मांडीवर माणसं, आणि मधोमध पाय बांधून आडवा पाडलेला बैल. काठ जेमतेम पाण्याच्या वर होता.

"आधी बैल उतरव. तो पुढच्या खेपेला ने."

"म्हणजे आम्ही हात हलवत जायचं?" ओचोलाची आई कपाळाला हात लावत म्हणाली. "माहेरची माणसं बैल घेऊन, गात गात, एकदमच अंगणात शिरतात. अपियोच्या सासरचे तोंडात शेण घालतील आमच्या."

"वहिनी, तोंड राहिलं तर घालतील ना."

"जुळी बहीण गेलीय तुझी, आणि तुला जीव प्यारा!"

हे मात्र अडोंगोला लागलं. जुळ्यांत आधी आली ती अपियो, मागून आली ती अडोंगो. पण वाढल्या दोघी एकाच ताटात. तिला अपियोचं तोंड शेवटचं बघायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण तिचा नवरा अशाच भरलेल्या होडीतून जाताना बुडाला होता. तेव्हाही सगळे 'काही होत नाही' असंच म्हणाले होते. तेव्हापासून पाण्यावर जाताना ती, बुडायची वेळ आली तर तरंगायला म्हणून, बूच घट्ट लावलेला रिकामा पिवळा कॅन कमरेला बांधून निघे. गाव त्याला आत्याचा दुसरा नवरा म्हणे. लोकांना समजावून समजावून ती थकली होती.

आई गेल्याचा निरोप घेऊन आलेली अपियोची लेक आवूर होडीच्या कडेला बसली होती.

"तू तरी उतर गं."

"मावशी, मी नसले तर आईला माती कोण देईल?"

अडोंगोने कमरेचा कॅन सोडला, गुडघाभर पाण्यात शिरून आवूरच्या कमरेला बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली. होडी गात गात निघून गेली.

दुसरी होडी दुपार उलटल्यावर मिळाली. अडोंगो पोचली तेव्हा अंगणात जेवणं चालली होती. सगळे सुखरूप होते, बैल तेवढा पातेल्यात गेला होता. घराशेजारी ओल्या मातीचा उंचवटा दिसत होता.

"आलीस? आम्ही काही बुडलो नाही हो," वहिनी म्हणाली.

"बरं झालं," अडोंगो म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं. मग तिला रडू फुटलं.

तिने ओंजळभर माती उंचवट्यावर घातली आणि हाताने थापली. आवूर कॅन उचलून घेऊन आली.

"माती दिल्यावर हात धुवायला पाणी पुरेना मावशी, म्हणून हाच भरून आणला. सगळ्यांनी ह्यातलंच घेतलं. तुझ्यापुरतं ठेवलंय."

अडोंगोने हात पुढे केले. आवूरने कॅन तिरका केला.