लाल रबर आणि वाटीभर पाणी

मी टेबल टेनिसची बॅट बोलतेय. हळूच बोलते, कारण दमलेय. माझ्या अंगावरचं रबर इतक्यांदा सोललं आणि डकवलं गेलंय की माझं मूळ लाकूड किती उरलं, हे मलाच सांगता येत नाही. दर वेळी रबर निघताना एक पापुद्रा सोबत घेऊन जातं.

मला पुण्याच्या दुकानातून राधाकिशनकाकांनी आणलं. केजजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते उसाच्या रसातली साखर तपासायचे आणि संध्याकाळी कामगारांच्या क्लबचे चिटणीस व्हायचे. क्लब म्हणजे पत्र्याचा एक हॉल आणि त्यात एक हिरवं टेबल. सगळ्यांच्या वर्गणीतून मी आले, म्हणून माझा असा एक मालक नव्हता. सगळे म्हणायचे, आपली बॅट. हे ऐकायला मला फार आवडायचं. अजूनही आवडेल, पण आता म्हणणारं कुणी नाही.

माझ्या पुढच्या अंगावर लाल चिकट रबर होतं. काका मला उलटी धरून चेंडू रबराला चिकटवून दाखवायचे. तो क्षणभर लोंबकळायचा, मग टप्पकन पडायचा आणि सगळा हॉल हसायचा. चिकट रबराला धूळ चालत नाही. म्हणून खेळ संपला की काका वाटीभर पाणी घेत, ओल्या स्पंजने मला पुसत, सावलीत वाळवत आणि वर पारदर्शक कागद लावत. ती माझी आंघोळ. दिवसभराच्या मारानंतर तेवढंच सुख होतं.

सलिमा मला तिथेच भेटली. कारखान्यातले फिटर जलालुद्दीन यांची ही मुलगी, आठवीतली, डावखुरी. वडिलांचा डबा घेऊन यायची आणि टेबलापाशी रेंगाळायची. काकांनी मला तिच्या हातात दिलं, ते दिलंच. ती सर्व्हिस करताना मला चेंडूखालून अशी सरकवायची की चेंडू रबराला घट्ट धरून गरगरत निघायचा. हळू जायचा, पण टप्पा पडला की एकदम बाजूला वळायचा.

साखर शिजवणारे बिभीषणमामा बॅट हवेत फिरवून वैतागायचे. "चेंडू हाय का सरडा? आमी हिकडं, तो तिकडं!"

"मामा, तुमी पाक बघा. चेंडू मी बघते," सलिमा म्हणायची.

मग पाऊस गेला. एक वर्ष कोरडं गेलं, पुढचंही गेलं. ऊसच नाही, तर गाळप कशाचं? भोंगा वाजायचा थांबला. पगार थांबले. कामगारांच्या चाळीतली दारं एकेक करून बंद झाली. जलालुद्दीनना चाकणला एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. वार्षिक परीक्षा झाली की घर उचलायचं, असं ठरलं. तिथल्या एका खोलीत सलिमाच्या वाट्याला धाकटी भावंडं येणार होती, शाळा नाही.

एकच वाट होती. बीडला निवड चाचणी होती. त्यात जागा मिळाली, तर औरंगाबादच्या क्रीडा वसतिगृहात राहणं, जेवण आणि शाळा, तिन्हींची सोय होणार होती. काकांनी ते सलिमाच्या आईला, गौसियाला, समजावून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बघा मग."

पण त्या वर्षी हवेत पाण्यापेक्षा माती जास्त होती. दोन फटके मारले की माझ्या लाल अंगावर करडा थर चढायचा आणि चेंडू घसरायचा. काका मला दिवसातून तीनतीनदा धुवायला लागले. एका दुपारी गौसिया टँकरच्या रांगेतून रिकामी घागर घेऊन परतत होती. ती दारातच थांबली.

"काय धुवायलाव, काका?"

"बॅट."

"तांदूळ धुतलेल्या पाण्यात आमी भांडी घासायलोत, अन् तुमी ह्या फळीला न्हाऊ घालायलाव?"

"वाटीभरच हाय, गौसिया."

"वाटीभर लई झालं. माझ्या सासूला गोळ्या घ्यायला तेवढंच लागतंय."

काकांनी वाटी खाली ठेवली. मी अर्धी ओली, तशीच राहिले.

या माणसांना कारखान्याने एक सवय लावली होती. ठराव झाल्याशिवाय काही करायचं नाही. बॉयलर विझला तरी ती सवय विझली नव्हती. सतरंजी अंथरली गेली, उरलेसुरले सभासद बसले. बिभीषणमामांनी घसा खाकरून सूचना मांडली, "पाणीटंचाई ध्यानात घेता क्लबच्या बॅटी पाण्याने धुण्यात येऊ नयेत." अनुमोदनाला कुणी हात वर करेना. सगळ्यांना ठाऊक होतं, चाचणी कुणाची आहे.

मग मागून एक डावा हात वर झाला. सलिमाचा.

"ती सभासद न्हाई," कुणीतरी पुटपुटलं.

"बापाची वर्गणी हाय की," बिभीषणमामा खाली बघत म्हणाले. "घ्या लिहून."

'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीच्या खाली काकांनी पांढऱ्या रंगाने तो ठराव लिहिला.

बिनपाण्याचं माझं रबर महिनाभरात वाळक्या कातड्यासारखं झालं. बिभीषणमामांना आपणच सूचना मांडल्याची टोचणी लागली होती. एके दिवशी ते शिजवणखात्याच्या कढईच्या बुडाशी राहिलेला जुना पाक खरवडून, गरम करून, वाटीत घेऊन आले. "चिकटपणाच पायजे ना? जलमभर दुसरं काय केलं मी!" असं म्हणत त्यांनी मला प्रेमाने माखलं.

सलिमाने पहिला चेंडू मारला. तो गेलाच नाही. माझ्यावरच बसून राहिला.

"मामा, आता लिंबू पिळा," ती म्हणाली आणि पोट धरून हसली. त्या दुष्काळात मी तिला तेवढं एकदाच हसताना पाहिलं. सकाळी मला मुंग्या लागल्या. धुवावं तर भिंतीवर ठराव.

काकांनी लाल रबर सोललं. माझा एक पापुद्रा गेला. बीडहून आणलेलं दुसरं रबर त्यांनी डकवलं. तेही लालच, पण कोरडं. ते धूळ धरत नाही, कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. पण ते चेंडूही धरत नाही, लगेच भिरकावतं. सलिमा जुन्याच सवयीने मला चेंडूखालून सरकवायची आणि चेंडू टेबल ओलांडून भिंतीवर जायचा.

"हात तोच हाय माझा, काका. मग चेंडू कावून पळायलाय?"

"आधी रबर त्याला धरून ठेवायचं. आता धरणारं कुणी न्हाई. वळवायचं सोड. सरळ मार, लवकर मार."

बंद कारखान्याच्या आवारात रोज आमचाच तेवढा आवाज असायचा. तिच्या मनगटातला तो नाजूक वळसा हळूहळू मरताना मी पाहिला. तिथे जे आलं, ते कामाचं होतं, पण रुक्ष होतं.

बीडच्या चाचणीत शेवटचा सामना परळीच्या मुलीशी होता. तिची बॅट चिकट, चमकदार, आणि ती धुवायला स्वतंत्र बाटली. सलिमा त्या बाटलीकडे बघत राहिली. मग तिने जुनी सर्व्हिस केली. चेंडू बाहेर. पुन्हा केली, पुन्हा बाहेर. पहिला डाव गेला. दुसऱ्या डावापासून तिने वळवणं सोडलं. सरळ, लवकर, टेबलाच्या कडेकडेने मारत राहिली. बघायला सुंदर नव्हतं ते. पण यादीत शेवटचं नाव तिचं लागलं.

गौसिया भिंतीला टेकून बसली होती. "झालं?"

"झालं, अम्मी."

"मग पाणी पी," ती म्हणाली आणि घरून आणलेली बाटली पूर्ण भरलेली तशीच पुढे केली. तिने स्वतः प्रवासात घोटही घेतला नव्हता.

सलिमा औरंगाबादला गेली, तिथे तिला नवी बॅट मिळाली. तिचे आईवडील चाकणला गेले. हॉलमध्ये जनावरांच्या छावणीचा कडबा भरला आणि त्या ढिगाखाली मी कित्येक उन्हाळे काढले. पुढे पाऊस आला, ऊस आला, भोंगाही वाजला. कडबा निघाला. टेबल पुन्हा कुणी मांडलं नाही.

मागच्या आठवड्यात दार उघडलं. सलिमा आली होती. ती आता मुलींना खेळ शिकवते, इथेच शिकवणार म्हणते. तिने टेबल झटकलं. माझं कोरडं रबर सोललं, पिशवीतून नवं चिकट रबर काढून डकवलं आणि ती जुनी सर्व्हिस करून पाहिली. चेंडू जाळीत गेला. पुन्हा जाळीत. हात सरळच जातो आता. दुष्काळ तिच्या मनगटात राहिलाय.

तेवढ्यात माझ्या नव्या रबरावरही हॉलमधली धूळ बसली होती. हॉलबाहेर नवा नळ आहे, त्याची चावी गळते, खाली डबकं साचलंय. सलिमाने नळाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पाटीखालच्या ठरावाकडे. आणि तिने माझ्यावर तोंडाची वाफ सोडून ओढणीने मला कोरडंच पुसलं.

सलिमा, ठराव करायला माणसं जमतात, रद्द करायला कुणी बसत नाही. तुझ्या मुली येतील तेव्हा सतरंजी टाक. बॅट धुवायला हरकत नाही, एवढंच मांड. सूचक म्हणून माझं नाव घाल. अनुमोदनाला तेवढा हात तू वर कर. डावा.