सम-विषमाचा पडताळा

विनताने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि ते विसरायची तिची आजही तयारी नव्हती. सरकारी शाळेत अतिथी शिक्षक म्हणून वर्षं गेली. कायम होण्याची परीक्षा वयाच्या अटीमुळे आता शेवटची एकदाच देता येणार होती. अडचण एवढीच, की तिचा पेपर कधी पुरा होत नसे.

"मावशी, गुणाकार काहून करून राहिली तू?" बँकेच्या परीक्षांत मुरलेली भाची चिन्मयी कपाळाला हात लावी. "विषम गुणिले विषम, विषम. सम गुणिले काहीही, सम. दोघांची बेरीज विषम. पर्यायांत विषम एकच आहे. टिक कर, आगे बढ़ो!"

"हे गणित नाही गं, चोरी आहे."

"मग चोरी कर. नोकरी लागल्यावर प्रामाणिक हो."

विनता चोरी शिकली, पण तीही शास्त्रशुद्ध. आधी सम-विषम पाहून टिक करायची, मग खात्रीसाठी सगळा गुणाकार मांडायचा. उत्तर तेच आलं की शोध लागल्यासारखी खूश व्हायची. सरावाचे पेपर आधीपेक्षाही जास्त अर्धवट राहू लागले.

शेवटी विजय नगरच्या केंद्रावर तिने कच्च्या कामाचा कागद कोपराखाली दाबून धरला. स्वतःवरच पहारा. शेवटच्या प्रश्नावर टिक केली आणि स्क्रीन बंद झाली.

"सगळे सोडवले," तिने बाहेर येऊन सांगितलं.

"क्या बात है!" म्हणत चिन्मयीने स्कूटी काढली.

अधारतालच्या चौकापर्यंत विनता मागे बसून बोटांवर काहीतरी मोजत होती. मग एकदम ओरडली, "थांबव गाडी! गेली नोकरी!"

चिन्मयीने चाटच्या दुकानासमोर ब्रेक मारला.

"शेवटचा प्रश्न. ३४७ गुणिले २९, अधिक ४१८ गुणिले १३. मी १५४९७ टिक केलं. आता मनात केलं तर १५४९० येतंय. म्हणत होते ना मी, तुझ्या युक्त्या..."

"मावशी, १५४९० सम आहे न?"

"हो."

"अन् उत्तर काय यायला पाहिजे?"

विनताने मागे जात जात सगळं पुन्हा तपासलं. सात नवे छप्पन्न. एम.एस्सी., भौतिकशास्त्र, सात नवे छप्पन्न.

"त्रेसष्ट," ती अगदी हळू म्हणाली.

"अजून किती तपासले?"

"दोनच. तेही चुकलेत."

"बस, आता बाकीचे तपासू नको," चिन्मयीने गाडी सुरू केली. "घरी पोचेपर्यंत नापास होशील."