धुरातून उतरलेली बाई

मला इंग्रजी येत नाही. एकतीस वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला, कुठे अडलं नाही. पण जुने काळे-पांढरे इंग्रजी रहस्यपट मी शंभरेक तरी पाहिलेत. रविवारी सकाळी फिल्म क्लबात आमचे हे, म्हणजे अनिरुद्ध, कानात अर्थ सांगायचे आणि मी बघायचे. खिडकीच्या पट्ट्यांची सावली तोंडावर आडवी पडली, की मी ओळखायचे, हा गेला कामातून! खुनी मला ह्यांच्या आधी कळायचा. त्याचा ह्यांना राग यायचा आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा यायची.

त्र्याण्णव साली मला साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक आली. आठवडाभर तिथे राहायचं, शनिवारी घरी. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं. ना हो, ना नाही.

त्याच रविवारी तो चित्रपट होता. नवरा मोठा गोडबोल्या आणि बायको दिवसेंदिवस घाबरत चाललेली. शेवटी ती बॅग घेऊन स्टेशनवर येते. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवते, वळते आणि नवऱ्याला एकच वाक्य बोलते. हे कानात म्हणाले, "ती म्हणतेय, तुला सोडून गेले तर माझं काही उरणार नाही." मग पडदाभर इंजिनाचा धूर. ती चढली की उतरली, काही म्हणजे काही दिसत नाही.

"उतरली," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर ह्यांनी कॉफी पाजली, कधी नव्हे ते. सोमवारी मी साताऱ्याला नकार कळवला. जबरदस्ती कुणी केली नाही हो! माझी मीच रडले आणि माझं मीच पत्र लिहिलं.

परवा आमच्या धायरीच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांसाठी हाच चित्रपट दाखवायचं ठरलं. व्याख्यान अर्थातच ह्यांचं. मंगळवारी हे खडकवासल्याला मित्रांकडे गेले होते, तेव्हा आमची लेक अपेक्षा लॅपटॉपवर चित्रपट तपासत होती. "आई, बघ ना, आता खाली मराठी अक्षरं येतात," ती म्हणाली. मी हौसेने चष्मा लावला. स्टेशन आलं, पायरी आली, ती वळली.

खाली अक्षरं होती : तुझ्याजवळ राहिले तर माझं काही उरणार नाही.

अपेक्षाकडून तो तुकडा चारदा लावून घेतला. तिला वाटलं, आईला फारच आवडला.

रविवारपर्यंत मी ब्र काढला नाही. माणसाच्या ऐकण्यात चूक होते, मी स्वतःला समजावलं. या वेळी तरी खरं सांगतील, आणि सांगितलं तर मी सगळं पोटात घालीन. बत्तीस वर्षं घातलंच आहे, त्यात काय!

रविवारी सकाळी हॉल भरला. अपेक्षा म्हणाली, "बाबा, अक्षरं लावू?" हे माईकवर म्हणाले, "नको. अक्षरं वाचायला लागलं की डोळे चित्रावरून हलतात. मी सांगतो ना." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेशन आलं. हे घसा खाकरून म्हणाले, "ती म्हणतेय, तुला सोडून गेले तर..."

"नाही," मी उभी राहिले. "ती म्हणतेय, तुझ्याजवळ राहिले तर माझं काही उरणार नाही."

हे हसले. "अगं शैला, तुला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?"

"मंगळवारपासून."

हॉल खो खो हसला. नवरा-बायकोची गंमत वाटली सगळ्यांना. हे मात्र हसायचे थांबले. अपेक्षाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नजर खाली घातली. चूक ऐकण्यात झाली नव्हती. मेलं माझंच मन इतके दिवस ह्यांची वकिली करत होतं.

पडद्यावर धूर भरला. शेजारच्या दुर्गाबाईंनी माझा पदर ओढला. "अहो, काही दिसत नाही. मग उतरली का हो ती?"

ह्यांनी माईक टेबलावर ठेवला.

"ती चढली, दुर्गाबाई," मी म्हणाले. "उतरले ती मी."