कडूबाईचं गोंदण

"ही गोष्ट कुनाला पटायची न्हाई, पर घडलेली हाय," असं आधी बजावूनच धोंडीबा धनगर तंबाखू मळायला बसायचा. मेंढरं सूर्यभानच्या वावरात खतासाठी बसवलेली, भोवती गावचे चार गडी, आणि मागं चुलीपाशी त्याची बायको कडूबाई.

पोलीस ॲक्शनला वरीस झालं असेल. धोंडीबा ताडकळसच्या बाजारात न्हाव्यापुढं बसला होता. कुठल्या मेंढीच्या कानामागं ठिपका, कोण पाय ओढतं, त्याला सगळं तोंडपाठ. तीच फुशारकी मारता मारता तो न्हाव्याला म्हणाला, "मेंढी कातरत्यात तशी कातर बाबा, लय उकडायलंय." आणि त्याचा डोळा लागला. न्हावी शब्दाचा पक्का. डोकं, कल्ले, गलमिशा, सगळी लोकर उतरवली आणि वर वासाचं तेल चोपडलं.

दिवस मावळताना तळावर आला, तर त्याचंच कुत्रं, मोत्या, अंगावर धावलं. म्होरकी मेंढी कुत्र्याला 'धर' म्हणाली, ते धोंडीबानं या कानांनी ऐकलं!

रझाकारांची धास्ती बायांच्या मनातून अजून गेली नव्हती. कडूबाई काठी घेऊनच पुढं आली.

"कोन रं तू? काय बघायलास?"

"आगं, मी हाय! तुजा मालक!"

"आमच्या कारभाऱ्याला मिशा हायत."

"आवाज तरी वळख की!"

"आवाज तर राघूबी काढतंय. खरा आसशील तर सांग, माजं गोंदण कुठं हाय?"

इतक्या वर्षांचा संसार, पण बायकोचं तोंड धोंडीबानं चुलीच्या धुरातच पाहिलेलं.

"कपाळावर?"

"चुकलं."

"गालावर?"

"न्हाई. मोत्या, धर त्याला!"

धोंडीबा बांधावर बसला. गुळगुळीत तोंडावरनं हात फिरवला, तर हातालाही ओळख पटेना. सकाळी बाजाराला गेला तो धोंडीबा. मग हितं बसलाय ह्यो कोन? तिकडं भाकरी भाजल्याचा वास यायला लागला. कोण का असंना, भूक तर याचीच होती.

"मग वो?" सूर्यभाननं विचारलं.

"मग काय! खंडोबाचं नाव घेतलं आन म्हनलं, हनवटीवर! झालं. हिनं काठी टाकली आन गरम भाकर वाढली."

"लबाड बोलू नका!" चुलीपासून कडूबाई कडाडली. "ल्हानपनी गोंदणारीन आली की मी जवारीत लपायची. माज्या अंगावर गोंदणच न्हाई! त्या दिशी मोत्याला झोप लागली, तवा आत आलात तुमी!"