माझ्या अस्तरातला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. कधीकाळी हिरवी होते, आता कुठल्याच रंगाची नाही. सध्या मुक्काम दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका फ्लॅटचा माळा. माणसांबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर तोंडं वाकडी करायची नाहीत.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला. जाड कॅनव्हास, पितळी बकलं, चामड्याचे पट्टे! मला डोंगर चढायला बनवलं होतं. आणि नशिबी आला कोण? येन्स. सहा फूट उंची आणि सशाचं काळीज. ऐंशीच्या दशकात एका उन्हाळ्यात हा मला पाठीवर मारून दिल्ली बघायला आला. मे महिन्यात! यावरूनच त्याची अक्कल ओळखा.

नवी दिल्ली स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं, तोच एक गोडबोल्या भेटला. "साहब, आपका होटल तो जल गया," हाताने ज्वाळा करून दाखवत म्हणाला. येन्सचा चेहरा उतरला. त्या माणसाने आम्हाला रिक्षातून गरगर फिरवून स्वतःच्या मेहुण्याच्या हॉटेलात नेऊन टाकलं. पुढे आम्ही त्या जळालेल्या हॉटेलावरून गेलो, तर ते चांगलं धडधाकट उभं होतं. मग कॅनॉट प्लेसला एका कान साफ करणाऱ्याने येन्सच्या कानातून खडा काढून दाखवला. खडा त्याच्याच बाहीतला होता, मला दिसला ना! येन्सने पैसे दिले आणि वर थँक्यू म्हणाला. बावळट!

त्यानंतर याची गाडी उलट्या दिशेला गेली. आता याला साऱ्या दिल्लीत चोरच चोर दिसायला लागले. बसमध्ये एका म्हाताऱ्या सरदारजींनी सरकून जागा दिली, तर याने मला छातीशी आवळलं. कोणी चहा विचारला की नको, पाणी विचारलं की नको. एका दुपारी खोलीचं दार लावून त्याने माझ्या पाठीचं अस्तर उसवलं, आत पासपोर्ट घातला आणि वरून शिवून टाकलं. टाके काय ते! लहान पोरानेसुद्धा बरे घातले असते.

विमान दोन दिवसांवर आलं होतं. घरी बहिणीचं लग्न होतं आणि वडील नसल्यामुळे चर्चमध्ये तिचा हात धरून याला चालायचं होतं. ते चुकलं असतं तर बहिणीने आयुष्यभर तोंड पाहिलं नसतं. आणि हा शहाणा कोणाच्या हातचं पाणी न पिता उन्हात हिंडत राहिला. आर. के. पुरमच्या बस स्टॉपवर धाडकन कोसळला.

तिथे भाजीच्या पिशव्या घेऊन एक मराठी जोडपं उभं होतं. सुनंदाबाई, आणि मंत्रालयात नोकरी करणारे त्यांचे यजमान श्यामकांत.

"अगं, फॉरेनर आहे. पोलिस केस झाली तर ऑफिसात एक्स्प्लनेशन द्यावं लागेल," श्यामकांत म्हणाले.

"द्या मग. आधी त्याचे पाय धरा!"

त्यांनी याला क्वार्टरवर नेऊन निजवलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, पन्हं पाजलं. तो गाढ झोपला आणि बाईंची नजर माझ्यावर पडली.

"शी! काय वास मारतेय ही!"

या घरात बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. बाईंनी माझे सगळे कप्पे रिकामे करून एकेक वस्तू नवऱ्यासमोर वर्तमानपत्रावर मांडली. मग मला टबात बुडवलं.

"अहो, हिच्या पाठीत कडक काहीतरी लागतंय."

"पुठ्ठा असेल, आकार राहायला," श्यामकांत पेपरमधून डोकं न काढता म्हणाले. सरकारी उत्तर! बाईंनी मला साबणात घासलं, वर लाकडी थापीने बदडलं. मला आवाज असता तर अख्खी कॉलनी गोळा केली असती.

सकाळी येन्स उठला. बाल्कनीत मी टपटप गळत होते. त्याने अस्तर टराटरा फाडलं. पासपोर्टाचा लगदा झाला होता, शाई वाहून गेली होती आणि फोटोत नुसतं नाक उरलं होतं. "चोर आहात तुम्ही!" तो इंग्रजीत किंचाळला.

"आम्ही चोर?" बाईंचे डोळे भरले. "एक टाचणी तरी हलली असेल तर दाखव म्हणावं!" पण येन्सने सांगितलेलं लग्नाचं श्यामकांतांनी मराठीत समजावलं, तशा त्या खाली बसल्या. "अहो, ऑफिसात सीएल टाका. याला पोचवायलाच पाहिजे."

स्कूटरवरून श्यामकांत, येन्स आणि मी असे तिघं त्याच्या देशाच्या वकिलातीत गेलो. मी ओलीच होते. या माणसाला इथे कोण ओळखतं, असं साहेबाने विचारलं.

"मी," श्यामकांत म्हणाले.

"कधीपासून?"

"कालपासून. आमच्याकडे झोपलाय तो."

साहेबाला हसू आवरेना. पण श्यामकांत तिथून हलले नाहीत, दुसऱ्या दिवशी, म्हणजे विमानाच्याच दिवशी, पुन्हा जाऊन बसले, आणि दुपारी येन्सला नवे कागद मिळाले.

निघताना बाईंनी त्याच्या तळहातावर दही घातलं. कोणाचं पाणी न पिणारा तो, हात चाटूनपुसून मोकळा झाला! माझं अस्तर फाटलेलं, म्हणून त्याचं सामान श्यामकांतांच्या रेक्झिनच्या बॅगेत भरलं होतं. "हिला घ्यायला मी परत येईन," असं तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. मी बाल्कनीतून बघत होते. खाली सुनंदाबाईंच्या पाया पडायला त्याला वाकायचं होतं, तर त्याने हातातली बॅग सरळ रिक्षावाल्याकडे दिली. कधी न पाहिलेल्या माणसाकडे! नवे कागद त्याच बॅगेत होते.

मला तो छातीशी धरायचा तो भीतीपोटी. भीती गेली, माझीही गरज संपली. बहिणीच्या लग्नाचा फोटो तेवढा आला, येन्स मात्र आला नाही. अशी ही माणसं!

तेव्हा मित्रांनो, सॅक धुण्याआधी अस्तर चाचपत जा, आणि काम झालं म्हणून तिला टांगून जाऊ नका. क्वार्टर सोडून या फ्लॅटात येताना सुनंदाबाईंनी मलाही आणलं; आता त्या थकल्या आहेत, तरी दर दिवाळीच्या आवराआवरीत मला खाली काढायला लावतात. "येईल हो तो," म्हणतात. वेडी बाई! धुण्याआधी पाठीवरून सावकाश हात फिरवून बघतात. आत काही नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. तरी बघतात. त्यांनी हे लवकर आटपू नये, असं मला वाटतं.