पाच क्रमांकाची हाक

“फॅनेस, आधी आकडा लिही पोरी, मगच झाकण लाव!” दवाखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या लायटनकाकांचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मित्रांनो, मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे, संगणकांना एकमेकांशी जोडणारं. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी, मिशनच्या दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तपासणीघरातले रक्ताचे निकाल मी वॉर्डांपर्यंत पोचवत असे. मी संगणकाला कोणत्या क्रमांकाने हाक मारायची, हे काका माझ्या अंगावरच्या पिनांच्या इवल्याशा टोप्या हलवून ठरवत. तोच क्रमांक संगणकाच्या लिनक्स प्रणालीच्या फाइलीत लिहीत. माझा पाच. दोन कार्डांचा क्रमांक एक झाला, की गोंधळ ठरलेला.

डोळे अधू झाले, तसे काका गावी निघाले. जाताना म्हणाले, “हे गप्प झालं तर फेकू नकोस. एकदा एकटं लावून बघशील?”

“बघेन, काका,” फॅनेस म्हणाली. ती दवाखान्याच्या नोंदी ठेवते.

पुढे ईस्टर आला. गायनवृंदाला गाणी ऐकता यावीत म्हणून काकांच्या जागी आलेल्या गॉडनने माझ्या शेजारी आवाजाचं कार्ड बसवलं. त्याचाही क्रमांक पाच! माझी वाचाच बसली.

“गेलं म्हातारं!” गॉडन हसला.

“अरे, काल तर बोलत होतं!” फॅनेस म्हणाली.

“माणसं जातात, ताई. हा तर पत्रा!”

माझ्या जागी नवं कार्ड आलं. मी मेणबत्त्यांच्या तुकड्यांसोबत खणात पडलो. तीन ईस्टर झाले. घंटा ऐकू यायची, प्रार्थना ऐकू यायची. मला मात्र कुणी हाक मारली नाही.

बाळंतिणींच्या वॉर्डातला संगणक माझ्याच काळातला. नवं कार्ड त्यात बसत नाही. तिथे निकालाची चिठ्ठी हातानेच जाते. परवा ती पावसात अडकली आणि एनिफा नावाच्या बाळंतिणीला रक्त चढवायला उशीर झाला. देवाच्या दयेने वाचली बिचारी.

आज सकाळी प्रार्थनेसाठी मेणबत्ती शोधताना फॅनेसच्या हाती मी आलो. माझ्या पाठीवर काकांनी चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘पाच. एकटंच लाव.’

“काका, मी विसरलेच हो,” ती पुटपुटली.

मित्रांनो, कुणी गप्प झालं तर त्याला टाकून देऊ नका. त्याच्या शेजारी कुणाला आणून बसवलंय, ते आधी बघा.

मी पुन्हा बोलेन का, ते देव जाणे. फॅनेसने कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या पदराने माझी धूळ पुसली. कागदावर आधी ‘पाच’ लिहिलं. मग पेचकस घेऊन, कुणाला काही न सांगता, ती बाळंतिणींच्या वॉर्डकडे चालू लागली.