ईशान्येचा खांब

देवळाच्या सभामंडपात सोळा खांब होते आणि बाबांच्या नकाशात ते सोळाच्या सोळा हुबेहूब सारखे होते. तीस वर्षं हाच नकाशा सगळ्यांनी प्रमाण मानला. पुढे छताची दुरुस्ती निघाली. बाबांची लेकही नकाशेच काढायची. तिने मंडप पुन्हा मोजला, तर ईशान्येचा खांब चार बोटं आखूड निघाला. तळाची माती साफ केली, तेव्हा खाली सरकवलेला एक चपटा दगड दिसला.

तिने तीनदा मोजलं. मग पाथरवटाला बोलावलं. त्याने खांबावरच्या वेलीवरून अंगठा फिरवला.

"हा मागाहून बसवलाय, ताई. बाकीच्यांची पानं खोल कोरलीत, सावली धरतात. याची नुसती वरवर. कधीतरी हा कोपरा कोसळला असणार."

म्हणजे हजार वर्षांच्या देवळाची एक अख्खी पडझड बाबांच्या नजरेतून सुटली होती! पेन्सिलीचं टोक बोथट दिसलं तरी ओरडणारे बाबा. तिच्या मनाला लागलं. ते जाऊन चार वर्षं झालेली, विचारणार कुणाला?

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीने चाचरतच सांगितलं.

"ईशान्येचा? अगं बाई!" आईला हसू आवरेना. "फितीचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. नवीन लग्न, हौसेने जायचे. पंधरा खांब झाले आणि पाय दुखायला लागले. मीच म्हटलं, सगळी एकाच आईची लेकरं दिसतायत, याचं काय वेगळं निघणार? चला घरी."

"आणि बाबांनी ऐकलं?"

"तेवढंच एकदा. पुढे जन्मात कधी ऐकलं असेल तर शपथ!"

लेकही खुदकन हसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई आपण होऊन बरोबर आली. फीत धरून मायलेकींनी पायथा, मधला अष्टकोन, छत पेलणारा वरचा तोडा, सगळं मोजलं.

"इतरांसारखा नवा घडवून देऊ?" पाथरवटाने विचारलं.

"नको," लेक म्हणाली. "ज्याने कोसळतं छत सावरलं, त्याचा खांब राहू दे."

नव्या नकाशात तिने तो वेगळ्या रंगात दाखवला आणि मोजणी करणाऱ्यांत बाबांच्या शेजारी आईचं नाव घातलं.

"चुकीबद्दल?" आई म्हणाली.

"पंधरा बरोबर मोजल्याबद्दल."

आईने चष्मा लावून कागद जवळ ओढला. "अक्षर जरा मोठं काढ की गं."